परकराच्या नाडीखालचा डाग

मी बारावीच्या मुलांना बायॉलॉजी शिकवते. आजारी पडले तेव्हा एकवीस वर्षं झाली होती. आजारपणानंतर काही महिने मात्र 'शिकवते' म्हणायचं की 'शिकवत होते' म्हणायचं, हेच ठरत नव्हतं. माझा डावा कान पूर्ण गेला आणि उजवा अर्धाच परत आला. ज्या बाईला वर्गातला प्रश्न ऐकू येत नाही तिने शिकवायचं कसं, असं सगळ्यांना वाटत होतं. मलाही वाटत होतं, फक्त मी ते कोणाला सांगत नव्हते.

सहानुभूतीसाठी हे लिहीत नाही. ती मला भरपूर मिळाली आणि तिचा काडीचाही उपयोग झाला नाही. माझा आजार कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या साध्या गोळीने बरा होणारा होता. ती गोळी मला दहाव्या दिवशी मिळाली. मधल्या दिवसांत घरात गणपतीची चवथ होती, आणि आजाराची खूण माझ्या अंगावर लाजेच्या जागी होती. तुमच्यापैकी कोणाच्या अंगावर अशी खूण असेल तर तिने किंवा त्याने हे वाचून निदान आरशासमोर उभं राहावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

रविवारची हौस

आमचं घर गोव्यात, डिचोलीजवळ सर्वणला. घरात सासूबाई, मी, धाकटा दीर आणि त्याची बायको नयन. माझा नवरा सुहास मुरगावला बंदरात नोकरी करतो, आठवडाभर तिकडेच राहतो आणि शनिवारी संध्याकाळी येतो. चवथीला मात्र पाच दिवसांची रजा काढून घरी.

गणपतीच्या डोक्यावर आमच्याकडे माटोळी बांधतात. लाकडी चौकट टांगायची आणि तिला रानातली फळं, फुलं, वेली बांधायच्या. कांगण्यांचे घोस, घागऱ्या, हरणे, कवंडळं. पूर्वी हे काम पुरुषांचं होतं. मी लग्न होऊन आले तेव्हा यातली निम्मी झाडं मला शास्त्रीय नावांसकट माहीत होती, त्यामुळे हळूहळू ते माझ्या गळ्यात पडलं. खरं सांगायचं तर मी ते आनंदाने गळ्यात घालून घेतलं. मग एका वर्षी स्पर्धेत आमच्या माटोळीला बक्षीस मिळालं आणि माझ्या डोक्यात वारं शिरलं.

त्या वर्षी चवथीच्या दोन आठवडे आधीच्या रविवारी मी आणि नयन डोंगराच्या बाजूला गेलो. तोडायला नाही, नुसतं हेरायला, कुठली वेल कुठे धरली आहे ते. साडी वर खोचलेली, गवत कमरेएवढं, आणि मी नयनला प्रत्येक झाडाचं कुळ सांगत पुढे चाललेली. नयन बिचारी हो हो म्हणत होती. तासभर आम्ही त्या गवतात बसून डबा खाल्ला. तिला काही झालं नाही. त्या दिवशी बसायला जागा मी निवडली होती.

तिघींचं निदान

आठवड्याभराने आंघोळ करताना कमरेवर डाव्या बाजूला, परकराची नाडी बसते तिथे, एक काळी खपली दिसली. तुरीच्या दाण्याएवढी. दुखत नव्हती, खाजत नव्हती. रोज साडी नेसणाऱ्या बाईच्या कमरेला नाडीचा काळा पट्टा असतोच. कधी तो सोलवटतो, कधी चिघळतो. हे आम्ही आईकडून शिकतो आणि मुलींना शिकवतो.

नयनला दाखवली. ती म्हणाली, "वैनी, नाडी काचली तुमका. खोबरेल लावा, जातला." सासूबाईंनीही वाकून पाहिली आणि हळद सांगितली. मी हळदही लावली आणि खोबरेलही लावलं. तीन बायकांनी डाग पाहिला आणि तिघींनी एकच निदान केलं. त्यातली एक एम.एस्सी. होती.

'शरीराचा पहिला अडथळा म्हणजे त्वचा' हे वाक्य मी एकवीस वर्षं फळ्यावर लिहीत आले. मुलांना आकृती काढायला लावली, बाण दाखवायला लावले, बाण चुकला तर गुण कापले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय!

पाच दिवस

ताप आला तो चवथीच्या दोन दिवस आधी. थंडी वाजून आला. डोकं इतकं दुखत होतं की डोळे हलवले तरी कळ यायची. मी तापाची गोळी घेतली आणि नेवऱ्या, म्हणजे करंज्या, तळायला बसले. चवथीला घरातली मोठी सून अंथरुणात, हे आमच्याकडे बसत नाही. कोणी मला मारून मुटकून चुलीपुढे बसवलं नव्हतं, मीच बसले. माटोळीसुद्धा मीच उभं राहून बांधून घेतली. दीर शिडीवर आणि मी खाली भिंतीला टेकून हुकूम सोडतेय, असा फोटो आहे घरात. त्यात मी हसते आहे.

चवथीच्या दुसऱ्या दिवशी सुहासने मला जवळच्या एका डॉक्टरकडे नेलं. सासूबाई सोबत होत्या. डॉक्टरांनी मला एकदा तपासलं आणि पुढचं सगळं सुहासला विचारलं. ताप कधीपासून, जेवते का, लघवीला होते का. मी समोरच्या खुर्चीवर बसले होते. मग त्यांनी त्यालाच विचारलं, "अंगावर काही पुरळ, डाग?"

सुहास म्हणाला, "नाही, तसं काही नाही."

या ठिकाणी मी बोलायला हवं होतं. मला डाग माहीत होता. पण बोलले असते तर दाखवावा लागला असता. दार अर्धं उघडं होतं, कंपाउंडर आतबाहेर करत होता, आणि नाडी सोडायची म्हणजे सासूबाईंसमोर सोडायची. शिवाय नाडी काचल्याचं काय सांगायचं डॉक्टरला, अडाणी बाईसारखं, असंही वाटलं. मी गप्प राहिले. डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं, टायफॉइडसारखं दिसतंय म्हणाले आणि त्याच्या गोळ्या दिल्या. त्या मी घेतल्या. ताप जागचा हलला नाही.

चौथ्या दिवशीच्या आरतीला मला झांजा लांबून ऐकू आल्या. मी समोरच उभी होते, दीर माझ्या डाव्या हाताला झांज वाजवत होता, आणि आवाज मात्र पलीकडच्या वाड्यावरून आल्यासारखा. मला वाटलं तापाने होत असेल. आरती संपल्यावर मी आतल्या खोलीत पडले. उजवा कान तेव्हा अजून शाबूत होता आणि स्वयंपाकघर भिंतीपलीकडेच होतं. सुहास म्हणत होता की हिला आजच मोठ्या हॉस्पिटलात नेतो. सासूबाई म्हणाल्या, "उद्या विसर्जन. पाच दिस नीट जावंदेत. मदीच काय झाला तर सुतक येतला."

मी मरेन याची त्यांना भीती होती, हे मला आज कळतं. पण मेले तर गणपती घरात असताना सुतक लागेल, ही भीती तिच्या आधी त्यांच्या तोंडातून बाहेर पडली. सुहासने वाद घातला नाही. तो खोलीत येऊन माझ्या कपाळाला हात लावून गेला. आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हणून मी हे आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. आता सांगते. त्या भिंतीपलीकडून जे ऐकलं ते माझ्या चांगल्या कानाने ऐकलेलं शेवटचं स्पष्ट वाक्य आहे.

विसर्जनाच्या संध्याकाळी गणपती दाराबाहेर पडला आणि मी न्हाणीघरात पडले.

वॉर्ड

मोठ्या सरकारी हॉस्पिटलात पहिले दोन दिवस काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. श्वास लागत होता, नाकाला नळी होती. डेंग्यू नाही, मलेरिया नाही, एवढं तिथल्या डॉक्टरांच्या ओठांवरून कळत होतं. ओठांवरूनच, कारण आवाज येत नव्हते. कोणी बोलायला लागलं की मला पंख्याची घरघर ऐकू यायची, आणि वर बघितलं तर पंखा बंद असायचा. मी घाबरले. मरणाला घाबरले त्याहून जास्त याला घाबरले. मरण आलं असतं तर माझं काम संपलं असतं, आणि इथे जिवंत राहून फळ्यासमोर बहिरी उभी राहीन असं दिसत होतं.

सकाळी अंग पुसायला नर्स यायच्या. तिसऱ्या सकाळी आली ती सावंतवाडीकडची होती, चाळिशीची, हाताने जड. आदल्या दोघींनी कपडे वर सारून जेवढं पुसता येईल तेवढं पुसलं होतं. हिने पडदा ओढला, मला सांगितलंही नाही आणि सरळ नाडी सोडली. मग थांबली. माझ्या उजव्या कानाशी तोंड आणून मोठ्याने म्हणाली, "ह्यो डाग कधीचो?"

"नाडीचा आहे," मी म्हटलं.

"नाडीचो डाग असो नसता," ती म्हणाली. "माझ्या मावशेक झाललो, गवत कापताना."

तिने ओला टॉवेल तिथेच ठेवला आणि डॉक्टरला बोलवायला गेली. एक तरुण डॉक्टरीण आली, टॉर्च मारून बघितलं आणि कागदावर लिहून मला विचारलं की झाडीत, गवतात कुठे गेला होता का. मी 'माटोळी' असं लिहून दिलं. ती गोव्याचीच होती, तिला पुढे काही समजवावं लागलं नाही. गवतातले बारीक किडे, डोळ्यांना धड दिसतही नाहीत असे, कपडा घट्ट बसतो तिथे चावतात आणि तिथे अशी काळी खपली धरते. स्क्रब टायफस. गोळी लगेच सुरू झाली. दोन दिवसांत ताप उतरला.

माझी रोगप्रतिकारशक्ती तोवर नऊ दिवस एकटी लढत होती. तिच्याबद्दल मी मुलांना तासन्‌तास सांगितलं आहे, पण तिला कोणीतरी बातमी द्यावी लागते आणि तोंड उघडून मदत मागावी लागते, हे मी कधी सांगितलं नव्हतं.

त्या नर्सचे मी आभार मानले तेव्हा ती रागावली. एवढी शिकलेली बाई आणि अंगावरचा डाग सांगत नाही, असं काहीतरी ती बोलली. मला अर्धंच ऐकू आलं, पण चेहरा पुरे होता.

बाकी वॉर्डाचे दिवस सगळ्यांचे असतात तसेच. सकाळी चहा आणि पाव, मग झाडू, मग डॉक्टरांची फेरी, मग नातेवाइकांची. शेजारच्या खाटेवरची पेडण्याची बाई दोन दिवस माझ्याशी बोलत होती आणि मी उत्तर देत नव्हते. ती माझ्या डाव्या बाजूला होती. ती मला गर्विष्ठ समजली आणि तिने तोंड फिरवलं. सुहास फोनवर फोटो घेऊन आला. आमच्या माटोळीला दुसरं बक्षीस मिळालं होतं. मी तो फोन परत त्याच्या हातात दिला.

आई केरीहून दोन बस बदलून यायची, डब्यात पेज आणि भाजलेला सुका बांगडा घेऊन. पहिल्याच दिवशी तिने स्टूल उचललं आणि उजव्या बाजूला नेऊन ठेवलं. तिला कोणी सांगितलं नव्हतं. बसायची, पेज भरवायची आणि काही बोलायची नाही. त्या दिवसांत मला बरं वाटलं ते तेवढ्या अर्ध्या तासापुरतं.

माझ्याविषयीचा फोन

कानाच्या डॉक्टरांनी वाट बघा म्हणून सांगितलं. मी वाट बघितली. उजव्या कानात हळूहळू आवाज परतले, आधी भांडी, मग गाड्या, मग माणसं. डाव्यात काहीच आलं नाही. उजव्यात यंत्र बसवलं. खोलीत एक माणूस बोलत असेल तर मला कळतं. चार बोलायला लागले की नुसता कालवा.

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या प्रिन्सिपल सरांचा फोन आला. मला नाही, सुहासला. मला फोनवर नीट ऐकू येत नाही, हे कारण. सर भले गृहस्थ आहेत. त्यांनी सुचवलं की मॅडमनी सध्या लायब्ररी बघावी, प्रॅक्टिकलच्या जर्नल तपासाव्यात. बारावीचा पोर्शन राहिलाय, बोर्डाचं वर्ष आहे, पालकांचे फोन येताहेत. सुहास बरं म्हणाला. मला हे त्याने जेवताना सांगितलं, सगळं ठरल्यावर, आणि वर म्हणाला की तुझ्या भल्यासाठीच आहे.

मी ताट सारलं. डॉक्टरने माझ्या अंगाविषयी तुला विचारलं, तू उत्तर दिलंस आणि माझा कान गेला, असं मी त्याला म्हटलं. आता नोकरीविषयी पण तूच उत्तर दिलंस. मला ऐकू येत नसल्यामुळे माझा आवाज किती चढला ते मला कळलं नाही, नयन उठून मागचं दार लावून आली. सुहास म्हणाला की तेव्हा तूही गप्प होतीस. ते खरं होतं आणि त्यामुळे मला आणखी राग आला.

सासूबाई पानावरून मान वर न करता म्हणाल्या, "तिका इचारूक होया होता. तिचो कान गेलो, तोंड नाय."

त्या एका वाक्यासाठी मी त्यांना माफ केलं, असं कोणाला वाटेल. नाही केलं. अजूनही चवथ जवळ आली की मी त्यांच्याशी दोन दिवस बोलत नाही, त्यांनाही कारण माहीत आहे. पण दुसऱ्या दिवशी मी बस पकडून सरांच्या घरी गेले ते त्यांच्या त्या वाक्यामुळेच.

सरांना मी सांगितलं की माझ्या उजव्या बाजूला बसा आणि जे बोलायचं ते माझ्याशी बोला. ते बसले. त्यांनी घाम पुसत पुसत सगळं परत सांगितलं, लायब्ररी, जर्नल, बोर्डाचं वर्ष. मी म्हटलं, एक महिना मला शिकवू द्या, नाही जमलं तर लायब्ररी द्या म्हणून मी स्वतः लिहून देते. एक महिना मिळाला. अट अशी की ज्युनियर शिक्षिका मागच्या बाकावर बसेल आणि मुलांचे प्रश्न मला मोठ्याने सांगेल. एकवीस वर्षांनी माझ्या वर्गात माझ्यासाठी दुभाषी नेमली. मी हो म्हटलं.

एक महिना

योगायोग म्हणा, धडा उरला होता तो आरोग्य, रोग आणि प्रतिकारशक्तीचाच.

पहिल्याच आठवड्यात मुलांनी माझी नस ओळखली. गप्पा मारणारे सगळे डावीकडच्या रांगेत जाऊन बसले. मला ऐकू येत नव्हतं, पण खांदे हलताना दिसत होते. उजवीकडची शहाणी मुलं याहून वाईट वागली. त्यांनी प्रश्न विचारणंच सोडलं. मी "समजलं?" विचारलं की सगळे एकदम माना हलवत. एक मुलगी दोनदा काहीतरी बोलली, मी दोन्ही वेळा "काय?" म्हटलं, आणि ती हसून "काही नाही मॅडम, राहू दे" म्हणाली. ज्युनियर शिक्षिकेने तो प्रश्न मला मागून ओरडून सांगितला. तोवर मुलगी लाजून लाल झाली होती.

मग चिठ्ठ्या सुरू झाल्या. कोणाच्या डोक्यातून निघालं माहीत नाही, चांगल्या मनाने निघालं असेल. तास संपताना टेबलावर घडी केलेले कागद जमायचे. मी ते घरी नेऊन वाचायची आणि दुसऱ्या दिवशी उत्तरं द्यायची. सरांना ही व्यवस्था फार आवडली. त्यांच्या मते शांतपणे चाललं होतं. मला मात्र तो वॉर्डच वाटायचा, ओठ हलताहेत आणि पंख्याची घरघर. हे असंच चालू राहिलं तर महिना संपल्यावर मला कोणी काढणार नव्हतं, आणि मी स्वतःच लायब्ररीची किल्ली मागून घेतली असती.

महिन्याचे चार दिवस उरले होते. मी टेबलावरच्या चिठ्ठ्या गोळा केल्या आणि कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. ज्युनियर शिक्षिकेला सांगितलं की आज तुम्ही स्टाफरूममध्ये बसा. ती घुटमळली, मग गेली. डावी रांग उठवून उजवीकडे दाटीवाटीने बसवली. एका बाकावर चार-चार. मग मी पुस्तक मिटलं आणि त्यांना गवतातल्या किड्याचं सांगितलं. ताप कसा येतो, डाग कसा दिसतो, तो कुठे शोधायचा. काखेत, जांघेत, कमरेला, छातीच्या खाली. मुलं खाली बघायला लागली तशी मी आणखी मोठ्याने सांगितलं. माझा डाग कुठे होता तेही सांगितलं आणि डॉक्टरसमोर मी का गप्प बसले तेही. एरवी एवढ्यावर वर्गात खसखस पिकली असती. ती पिकली की नाही मला ठाऊक नाही, पण कोणाचे खांदे हलताना दिसले नाहीत.

"आता विचारा," मी म्हटलं. "उभं राहा, माझ्याकडे बघा आणि ओरडून विचारा. मला ऐकू येईपर्यंत मी हलणार नाही आणि तुम्हीही बसायचं नाही."

मग दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. बोलली. मला आलं नाही. मी मान हलवली. ती पुन्हा बोलली, मी पुन्हा मान हलवली. तिने शेजारणीकडे बघितलं, बसायला गेली, आणि माझ्याकडे बघून परत सरळ उभी राहिली. मग तिने दोन्ही हात तोंडाशी धरून असा आवाज काढला की बाजूच्या वर्गातले सर व्हरांड्यात येऊन डोकावले.

"मॅडम, हे परीक्षेला येतं?"

प्रत्येक शब्द ऐकू आला.

"नाही येत," मी म्हटलं. "लिहून घ्या."